काळजाची पैमाइश

आमच्या सरांना एमआरआयच्या मशीनमध्ये स्वतः झोपून दाखवायची खोड होती. मूल आत जायला घाबरलं की ते कोट काढून खुंटीला लावत, चपला दाराबाहेर ठेवत आणि मोजे घातलेल्या पायांनी त्या अरुंद फळीवर चढत. मोज्यांना भोकं असत. उजव्या पायाचा अंगठा तर कायमच बाहेर. मशीनच्या बोगद्यातून तेवढा अंगठा दिसे आणि आतून आवाज येई, "बघ रे, मी मेलो का?" मूल म्हणे, "नाय." मग सर म्हणत, "मग तूही मरणार नाहीस. चल, आता तुझी पाळी." लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी आजारी पोरांसमोर असलं काही बोलू नये, असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, "पोरांना तेच विचारायचं असतं. आपण मोठी माणसं विचारू देत नाही."

त्या खोलीत भलंमोठं लोहचुंबक असतं, त्यामुळे आत जाण्याआधी खिसे रिकामे करावे लागतात. सरांच्या खिशातून स्कूटरची किल्ली, दोन पेनं, एक भिंग आणि एक अडकित्ता निघे. हृदयाचा डॉक्टर दिवसाला चार सुपाऱ्या कातरून खातो, हे पेशंटच्या आयांना दिसू नये म्हणून मी तो अडकित्ता रुमालाखाली झाकून ठेवायची. एकदा तो त्यांच्या पँटच्या मागच्या खिशात राहून गेला. दारातून आत पाऊल टाकताच खिसा फाडून निघाला आणि मशीनला जाऊन चिकटला. तो काढायला बाहेरगावाहून इंजिनिअर बोलवावा लागला, दोन दिवस काम बंद. सर फाटका खिसा चाचपत एवढंच म्हणाले, "पितळी घ्यायला हवा होता." त्या दिवसापासून मुलांच्या आधी मी सरांची झडती घेऊ लागले.

मशीनमध्ये मुलांना सांगितल्यावर श्वास धरून ठेवावा लागतो, नाहीतर चित्र हलतं. सरांनी त्यासाठी दौलताबादचा किल्ला कामाला लावला होता. किल्ल्यातली अंधारी, म्हणजे तो काळोखा भुयारी रस्ता, बहुतेक पोरांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असे. "हीपण अंधारीच आहे," सर सांगत. "आत वटवाघळं झोपली आहेत. मी सांगितलं की श्वास धरायचा, म्हणजे ती उठणार नाहीत." एकदा खुद्द दौलताबादचाच एक मुलगा आला. सरांचं सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "वटवाघळं झोपत नसत्यात. लई वरडत्यात. आमी रोज बघतो." सरांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे." तेव्हापासून मशीनची ती डोकं उठवणारी खडखड म्हणजे वटवाघळांचं ओरडणं झालं, आणि ते सरांच्या गोष्टीपेक्षा पुष्कळ बरं चाललं. आपली चूक एखाद्या पोरानं दाखवली की त्यांना मनापासून आनंद व्हायचा. मोठ्या माणसानं दाखवली की तेवढा होत नसे.

मी फुलंब्रीकडची. वडिलांची शेती, मी घरातली पहिली शिकलेली. औरंगाबादेत, तेव्हा आम्ही तसंच म्हणायचो, एक्स-रे आणि स्कॅनचा डिप्लोमा केला आणि बायपासच्या पलीकडं नव्यानं उभ्या राहिलेल्या एका दवाखान्यात नोकरीला लागले. दवाखान्याच्या भोवती तेव्हा तुरीची शेतं होती. पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांचे प्लॉट पडले, चुन्याच्या रेघा आल्या, रेघांवर बंगले आले. मी रुजू झाले त्याच सुमाराला एक मोठं संशोधन सुरू झालं होतं. चार शहरांतले चार दवाखाने मिळून ते करत होते, आणि मराठवाड्याची बाजू आमच्या सरांकडं होती.

विषय साधा सांगायचा तर असा. काही बाळं जन्मतःच निळी असतात, कारण हृदयाची बांधणीच चुकलेली असते. तान्हेपणी त्यांचं ऑपरेशन होतं आणि ती गुलाबी होतात, शाळेत जातात, आईबाप सुटकेचा श्वास टाकतात. पण त्या ऑपरेशनमध्ये फुप्फुसाकडं जाणाऱ्या वाटेवरची झडप बऱ्याचदा निकामी होते. मग पुढं गेलेलं रक्त मागं येत राहतं आणि वर्षानुवर्षं हृदयाचा उजवा कप्पा फुगत जातो. एका मर्यादेपर्यंत फुगला तर चालतं. मर्यादा ओलांडली की नवी झडप बसवावी लागते. फार लवकर बसवली तर ती मुलाबरोबर वाढत नाही, पुन्हा छाती उघडावी लागते. उशीर झाला तर कप्पा परत कधीच आकसत नाही. ती मर्यादा आपल्या मुलांसाठी नेमकी कुठं धरायची, हे चार शहरांना मिळून शोधायचं होतं. मशीन कप्प्याच्या आडव्या चकत्यांची चित्रं काढायचं. माझं काम प्रत्येक चकतीवर कप्प्याच्या आतल्या कडेनं रेघ ओढायचं. सगळ्या रेघा जोडल्या की कप्प्यात किती मावतं ते कळायचं.

सर या रेघेला बांध म्हणत. त्यांचे आजोबा निजामाच्या महसुलात जमीन मोजणारे कारकून होते. साखळी घेऊन गावोगाव फिरायचे. "आमच्या घराण्यात पैमाइशच," सर सांगत. "आजोबांनी शेतं मोजली, मी काळीज मोजतो. फरक एवढाच, शेताला शेजारी असतो, तो भांडून आपली चूक दाखवतो. पोराच्या काळजाचं कोण भांडणार?" माझी रेघ जरा आत सरकली की मागून येऊन म्हणत, "बांध कोरलास." शेतकऱ्याच्या पोरीला यापेक्षा मोठी शिवी नाही. आमच्या चुलत्यांनी दरसाल नांगराचं एकेक तास आत सरकत आमचा बांध कोरला होता आणि त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं. हे मी सरांना एकदा सांगून बसले, आणि मग तर त्यांना हा शब्द फारच आवडला.

प्रत्येक हृदयाचा बांध तीन वेगवेगळ्या दिवशी घालायचा, आधीचा न बघता, हा त्यांचा दंडक. बाकीच्या शहरांत एकदाच घालत. तिन्हींत फरक आला तर सर तिन्ही पुसायला लावत. मी कुरकुरले की म्हणत, "जल्दी काय आहे? अंदाजे हा शब्द मेथीची जुडी घेताना वापरायचा."

संशोधनात मुलांची नावं वापरायची नसतात, फक्त नंबर. सरांना नंबर लक्षात राहत नसत, आणि बहुधा राहू द्यायचेही नसत. म्हणून ते प्रत्येक मुलाला आधी विचारत, "तुमच्या गावची नदी कुठली?" आणि स्वतःच्या चिठ्ठीवर ती नदी लिहीत. शिवना, पूर्णा, दुधना, खेळणा. दोन पोरं एकाच नदीची निघाली की वरची आणि खालची. मलाही त्यांनी पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं, त्यामुळे माझं नाव त्यांच्या तोंडी कधी आलंच नाही. त्यांच्या लेखी मी गिरिजा. दवाखान्यातल्या अर्ध्या लोकांना माझं खरं नाव तेच वाटायचं.

मग ती दोन वर्षं आली, लागोपाठची. पहिल्या वर्षी पावसानं पाठ फिरवली, दुसऱ्या वर्षी तो आलाच नाही म्हटलं तरी चालेल. सरांनी नदीचं विचारलं की पोरं म्हणू लागली, "नदी हाये, पन तिच्यात पानी नाय." सर तरीही नदीच लिहीत. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. सर सिडकोत दोन खोल्यांच्या घरात थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. तिला सगळे आक्का म्हणत, निवृत्त शिक्षिका. पाणी यायच्या दिवशी सर सरळ रजा टाकायचे आणि दोघं भावंडं मिळून ड्रम भरायची. मीटिंगला न येण्याचं कारण त्यांनी एकदा तीन शहरांना लेखी कळवलं होतं, "नळ." पलीकडच्या मंडळींना ते काही समजलं नाही.

दवाखान्याला रोज एक टँकर यायचा. पण त्यातलं निम्मं पाणी मशीनचं होतं. एमआरआयला अखंड थंड ठेवावं लागतं, त्याच्या चिलरला पाणी लागतं, आणि तो बंद पडला तर होणारं नुकसान आम्हाला मॅनेजरसाहेबांनी तोंडपाठ करवलं होतं. पाणी वाचवायचं म्हणून त्यांनी बाहेरच्या हॉलमधला पिण्याच्या पाण्याचा कूलर बंद करून त्यावर कुंडी ठेवली. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं होतं. रोज येता-जाता मी ते बघायची. मला त्यात काही खुपलं नाही.

त्याच उन्हाळ्यात ती मेल आली. चारही ठिकाणची चित्रं एका मध्यवर्ती केंद्रात तपासली जायची. त्यांनी फार सभ्य भाषेत लिहिलं होतं, की आमच्याकडची हृदयं बाकी तिन्ही शहरांपेक्षा लहान भरताहेत. आजार तोच, वय तेच, तरी लहान. मोजण्यात काही दोष असावा. महिन्याभरात खुलासा आला नाही तर आमच्या केंद्राची मुलं अभ्यासातून वगळावी लागतील.

सरांनी मेल तीनदा वाचली. मग खुर्ची माझ्याकडं वळवली आणि विचारलं, "गिरिजा, बांध कोरतेस का?"

या वेळी ते थट्टा करत नव्हते. मी म्हणाले, "नाही सर." ते म्हणाले, "एकदा पाहू." आणि सगळ्या मुलांचे सगळे बांध त्यांनी स्वतः पुन्हा घातले. तीन आठवडे ते जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता रेघा ओढत होते. मी शेजारी बसून माझं काम करायची आणि त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. मला फार लागलं होतं, आणि ते त्यांना कळावं अशी माझी इच्छा होती. त्यांच्या रेघा आणि माझ्या रेघा एकमेकींवर बसल्या. हृदयं लहानच होती. मशीन तपासून झालं, त्यातही काही निघालं नाही. खुलाशाला आठवडा उरला होता.

तेव्हा ती आली. सिल्लोडच्या पुढच्या एका गावची, नऊ वर्षांची, सरांच्या चिठ्ठीवर 'खेळणा'. बरोबर आई. शनिवार होता. स्कॅन झाला, मी बांध घातला, सरांनी घातला. कप्पा फुगलेला होता, पण मर्यादेच्या बऱ्यापैकी आत. सरांनी आईला सांगितलं, आत्ता ऑपरेशन नको, वर्षानं या. आई उठली नाही.

"डाक्टरसायेब, पयलं शाळंत समद्यांच्या म्होरं पळायची. आता मधीच बसती."

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून. म्हनती, पाय दुकत्यात. पाय नाय दुकत वो. मला ठावं हाये."

सर पुन्हा चित्रांकडं बघत बसले. आकडा काही बदलला नाही. मायलेकी गेल्या. सर खिडकीशी उभे राहून सुपारी कातरत होते, ते मध्येच थांबले. अडकित्ता तसाच उघडा टेबलावर ठेवून ते बाहेर गेले, कोट न घालता. मी खिडकीतून पाहिलं. मागच्या अंगणात चिलरचा टँकर उभा होता आणि त्याच्या तोटीतून थेंब थेंब गळत होता. ती पोरगी त्या तोटीखाली तोंड उघडं धरून बसली होती. आई पदरानं ऊन अडवत बाजूला उभी. सर जवळ गेले तशी आई घाबरली, म्हणाली, "गळतंच व्हतं सायेब, आमी उघडलं नाय."

सर त्या पोरीसमोर उकिडवे बसले. "बाळ, याआधी पाणी कधी प्यालीस?"

तिनं आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "काल सांजच्याला. सकाळी चिठ्ठीवर नगं लिवलेलं व्हतं ना. अन यष्टीत बाटली कुठली, घरी हंडा रिकामा."

सर आत आले आणि माझ्याकडं नोंदीचं रजिस्टर मागितलं. तपासणीत एक औषध टोचावं लागायचं, म्हणून आधी चार तास पोटात काही नको, पाणीसुद्धा नको, अशी छापील चिठ्ठी आम्ही देत असू. मुलांना सकाळी नवाला बोलवलेलं असे. प्रत्यक्ष स्कॅन कितीला झाला, तो रकाना सरांनी बोटानं खालपर्यंत वाचला. दोन. अडीच. साडेतीन. तीन. बोट थांबलं तेव्हा त्यांनी विचारलं, "संशोधनाची मुलं शेवटी घ्यायची, हे कुणी ठरवलं?"

"मी, सर."

खरं तर मॅनेजरसाहेबांनी मला एवढंच सांगितलं होतं, की शहरातल्या पेशंटना ताटकळत ठेवू नका. पुढचं मी माझ्या मनानं केलं होतं. पहाटेच्या गाडीनं आलेली गावाकडची माणसं, संध्याकाळच्या गाडीनं जाणार, बसतील हॉलमध्ये. त्यांना थांबायची सवय असते, असं मला वाटायचं. मी स्वतः गावाकडची, म्हणून तर जास्तच वाटायचं. कोण किती तास कोरडं बसलंय, हे कूलरवर कुंडी ठेवलेल्या त्या हॉलमधून रोज चार वेळा जाऊनही माझ्या डोक्यात आलं नाही.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि स्वतःशी बोलावं तसं म्हणाले, "अंगात पाणी नाही म्हणजे रक्त कमी. रक्त कमी म्हणजे कप्पा पुरता भरत नाही. आपण अर्ध्या तळ्याची पैमाइश करत होतो, गिरिजा. बांध बरोबर होता, तळं रिकामं होतं. आणि मी डॉक्टर असून तुझ्या रेघेत चूक शोधत बसलो." मग एकदम उठले. "त्या पोरीला अडव. आकडा खोटा आहे."

मायलेकी फाटकापर्यंत पोचल्या होत्या. पुन्हा स्कॅन करायचा म्हटल्यावर मॅनेजरसाहेब म्हणाले, उद्या रविवार, मशीन बंद, आणि संशोधनाच्या केस शेवटी हा तर नियमच आहे. सर म्हणाले, "म्हणूनच रविवारी येतो. रविवारी पहिला नंबर आणि शेवटचा नंबर एकच." मॅनेजरसाहेब हसले नाहीत, पण किल्ली दिली.

आई म्हणत होती, आमी ष्टँडावर ऱ्हातो. सरांनी रिक्षा करून दोघींना घरी नेलं, मागून मी. आक्कांनी पोरीला पाटावर बसवून वरणभात वाढला आणि दर तासाला एक पेला पाणी मोजून दिलं. शिक्षिकाच त्या, प्रत्येक पेल्याची खडूनं भिंतीवर रेघ मारली. नळाचा दिवस त्या आठवड्यात अचानक बदलून नेमका तोच झाला होता. पाणी आल्याचा आवाज झाला तशी पोरीची आई न सांगता उठली, पदर खोचला आणि ड्रम भरायला लागली. पोरगी उंबऱ्यावर बसून ड्रम भरताना बघत होती. काठोकाठ झाला तेव्हा आईला म्हणाली, "मे, झाकन घाल, न्हाईतर उडून जाईल." आक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

रविवारी सकाळी सर आधी अंधारीत झोपले, अंगठा दाखवला, मेले नाहीत. मग ती गेली. औषध न टोचताही मोजणीपुरती चित्रं मिळतात, तेव्हा तो चार तासांचा नियम लावायचं कारणच नव्हतं. तिनं श्वास असा धरला की वटवाघळांनाही कळू नये. मग मी एका टेबलावर बांध घातला, सरांनी दुसऱ्यावर, एकमेकांकडं पाठ करून. त्या दिवशी तीन दिवस थांबायला वेळ नव्हता, म्हणून तीन वेळा उठून, तोंड धुऊन, पुन्हा घातला. सहाही वेळा कप्पा मर्यादेच्या बाहेर होता.

सरांनी आईला सांगितलं, झडप बसवावी लागेल, आणि लवकर. ती गोंधळून म्हणाली, "काल तर नगं म्हनले व्हते."

"काल आम्ही चुकलो होतो," सर म्हणाले. "तुम्ही सांगत होता ते खरं होतं."

डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य ऐकायची तिला सवय नसावी. ती मान खाली घालून पोरीच्या फ्रॉकची बटणं लावत राहिली, आधीच लावलेली होती तरी.

सोमवारी खुलासा गेला. मला वाटलं सर लिहितील, दुष्काळ, कूलर, मॅनेजर. त्यांनी तसलं काही लिहिलं नाही. प्रत्येक मुलाला कितीला बोलावलं, कितीला तपासलं, एवढे दोन रकाने जोडले आणि खाली लिहिलं, की आमच्या केंद्रानं मुलांना तहानलेलं ठेवून मोजलं आहे, त्यामुळे आमची दोन वर्षांची मोजणी कृपया काढून टाकावी. सगळ्या मुलांना परत बोलावून आम्ही नव्यानं मोजू. दोन वर्षांचं काम त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलं. सहीच्या जागी त्यांचं एकट्याचं नाव होतं. मी म्हणाले, "सर, माझंही नाव घाला. रांग मी लावली होती." "मी तुझ्यावर शक घेतला होता," ते म्हणाले. "माफ कर." मग माझं नाव घालायला बसले आणि त्यांच्या लक्षात आलं, की खरं नाव त्यांना माहीतच नाही.

मग आम्ही नद्या परत बोलावल्या. एकेका गावी फोन लावून, कुणाच्या सरपंचाला, कुणाच्या किराणा दुकानाला. सर रोज स्कूटरच्या पुढ्यात पाण्याचा एक जार आणि मागं एक बांधून आणायचे. हॉलमध्ये माठ आला. मॅनेजरसाहेबांनी बाहेरचं पाणी चालणार नाही म्हणून नोटीस लावली, तेव्हा सरांनी नोटिसीखालीच माठ ठेवला. आता संशोधनाची मुलं सगळ्यांत आधी, आणि माझ्या रजिस्टरात एक नवा रकाना, शेवटचं पाणी कधी. पुढं तो रकाना चारही शहरांच्या फॉर्मवर आला. परत मोजलेल्या मुलांत अजून काहीजण मर्यादेबाहेर निघाली. ज्यांना वर्षानं या म्हणून आम्ही घरी पाठवलं होतं, ती. ती नावं, म्हणजे त्या नद्या, मला आजही पाठ आहेत.

खेळणाची झडप पावसाळ्याच्या आधी बसली. वर्षानं तपासणीला आली तेव्हा हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरांना पळून दाखवत होती. सर म्हणाले, "पुरे, माठ फुटेल."

सर गेले त्याच्या आदल्या वर्षी त्यांना धाप लागायला लागली. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, शहराचं नाव बदललं होतं, दवाखान्याच्या भोवती तुरीचं एक झाड उरलं नव्हतं. आक्कांनी जबरदस्तीनं त्यांना माझ्याकडं पाठवलं. मी आधी दोन पेले पाणी प्यायला लावलं, मग झडती घेतली. अडकित्ता निघाला.

"नदी?" मी विचारलं.

"खाम," ते म्हणाले. "नाला झालाय तिचा. पण लिही."

ते फळीवर चढले. नवे मोजे होते, आक्कांनी घातलेले असणार. बोगद्यातून बाहेर आलेल्या पायांकडं बघत मी माइकवरून विचारलं, "सर, मेलात का?" आतून आवाज आला, "अजून नाही."

संध्याकाळी मी बांध घालायला बसले. डावा कप्पा फुगून पातळ झाला होता. कड धूसर होती, आणि धूसर कडेवर रेघ जरा आत घ्यायची की जरा बाहेर, हे सगळं हातात असतं. थोडी आत घेतली तर आकडा बरा दिसला असता. त्यांच्यापेक्षा माझ्यासाठी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला बांध कोरावासा वाटला. मी पुसलं आणि उठले. दुसऱ्या दिवशी घातला, तिसऱ्या दिवशी घातला. तिन्ही वेळा तेच आलं.

कागद घेऊन मी सिडकोत गेले. त्या वर्षीच्या खडूच्या रेघा भिंतीवर अजून होत्या, आक्कांनी रंग देताना तेवढा तुकडा सोडून दिला होता. सरांनी भिंग काढलं आणि एकेक चकती पाहिली, वरपासून खालपर्यंत, सावकाश. मी त्यांच्या चेहऱ्याकडं न बघता त्या रेघा मोजत उभी होते.

"तीनदा घातलास?"

"व्हय सर."

"बांध शाबूत आहे," ते म्हणाले आणि कागद नीट घडी करून खिशात ठेवला. "तसल्ली झाली." मग आतल्या खोलीकडं वळून म्हणाले, "आक्का, हिला पाणी दे. केव्हाची उन्हातून आली आहे."